फायबर पोस्ट बसवताना मी काय बघते

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. पोस्ट म्हणजे आरसीटी (रूट कॅनाल ट्रीटमेंट) झालेल्या दाताच्या मुळात बसवायची बारीक काडी. तिने दात मजबूत होत नाही. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, "म्याडम, रॉड टाकून दात पक्का करून द्या ना," आणि समोर रांग असली की आपणही मान डोलावून मोकळे होतो. पण पोस्टचं काम एकच आहे, वर बांधलेला कोअर, म्हणजे क्राऊनखालचा (कॅपखालचा) गाभा, धरून ठेवायचं. त्यासाठी कॅनालमध्ये (मुळातल्या नळीत) जागा करताना आपण दाताचं थोडं डेंटिन (इनॅमलखालचा मुख्य थर) खर्चच करत असतो. त्यामुळे माझ्याकडे शिकायला बसणाऱ्या नवीन बीडीएस मुलामुलींना मी सिमेंटचं नाव सांगायच्या आधी विचारते: या दाताला पोस्ट कशाला हवी?

पुढच्या दाताला फक्त आरसीटीचं भोक आहे, बाकी दात शाबूत आहे, तर पोस्ट नको. कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) भरा आणि थांबा. दाढेला दोन-तीन भिंती उभ्या आहेत, पल्प चेंबर (दाताच्या आतली पोकळी) खोल आहे, तर कोअर त्या चेंबरमध्येच पक्का बसतो, तिथेही पोस्ट नको. उरतात ते पुढचे दात आणि प्रीमोलर (सुळा आणि दाढ यांमधले दात), ज्यांचा निम्म्याहून जास्त मुकुट (हिरडीवरचा भाग) गेलाय, आणि क्वचित एखादी अगदीच पोखरलेली दाढ.

दुसरा प्रश्न फेरूलचा, म्हणजे क्राऊन ज्याला कवेत घेतो त्या दाताच्या कड्याचा. हिरडीच्या वर, क्राऊनची कड जिथे बसणार तिथपासून, दाताची स्वतःची भिंत किमान दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि एक मिलिमीटर जाड, चहूबाजूंनी शिल्लक आहे का? ती असेल तर साध्या पोस्टवरही क्राऊन चांगला टिकतो. नसेल तर बाजारातली सगळ्यात महाग पोस्टही काही महिन्यांत हलायला लागते, कारण प्रत्येक घासाचा ताण थेट सिमेंटच्या पातळ थरावर येतो. चारही बाजूंनी भिंत मिळत नसेल तर वरच्या पुढच्या दातात निदान टाळूच्या बाजूची भिंत शाबूत आहे का ते बघा. खालचे दात वरच्या दाताला मागून पुढे ढकलतात, त्यामुळे तीच बाजू जास्त कामाची. ती पण नसेल तर क्राऊन लेंग्थनिंग (हिरडी-हाड थोडं कापून दात उघडा करणं) किंवा ऑर्थोने (तारेने) दात थोडा बाहेर ओढून घेणं हे पर्याय पेशंटसमोर ठेवते. त्याला तयारी नसेल तर हा दात किती दिवस राहील याची खात्री नाही, हे मी पोस्ट घालण्याआधी केसपेपरवर लिहून त्याच्या सहीने घेते.

धातूच्या ओतीव पोस्टऐवजी फायबर का, हे आता सगळ्यांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगते. डेंटिनचा इलॅस्टिक मोड्युलस (ताठपणाचं माप) साधारण १८ गिगापास्कल, स्टीलचा २०० च्या आसपास, टायटॅनियमचा ११० च्या आसपास. ग्लास फायबरची पोस्ट डेंटिनच्या बरीच जवळ येते, म्हणून ती मुळाबरोबर थोडी वाकते. १९९० साली फ्रान्समध्ये द्युरे आणि सहकाऱ्यांनी आणलेल्या पहिल्या फायबर पोस्ट कार्बनच्या, काळ्याकुट्ट होत्या. सिरॅमिक क्राऊनखालून त्यांची सावली दिसायची. पुढे पांढऱ्या, अर्धपारदर्शक क्वार्ट्झ आणि ग्लास फायबरच्या आल्या आणि तो प्रश्न मिटला. धातूची पोस्ट बिघडते तेव्हा बऱ्याचदा मूळच उभं चिरतं. फायबर पोस्ट बिघडते तेव्हा बहुतेक वेळा ती निसटते, आणि निसटलेल्या दातावर पुन्हा काम करता येतं. मात्र निसटण्याचं कारण आपल्या हातात असतं, आणि या लेखातला बहुतेक भाग त्याबद्दलच आहे.

माप

आकडे कागदावर मांडल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. मी माझ्या मुलांना करून दाखवते ते उदाहरण इथे देते. वरचा लॅटरल इन्सायझर (मधल्या दाताशेजारचा), मोटरसायकलवरून पडून तुटलेला, हिरडीच्या वर ३ मिलिमीटर खुंट शिल्लक. खुंटाच्या कडेपासून वर्किंग लेंग्थ (कॅनालची टोकापर्यंतची लांबी) १६ मिलिमीटर. टोकाशी गुट्टा पर्चा (आरसीटीत कॅनाल भरायचं रबरासारखं द्रव्य) ४ ते ५ मिलिमीटर ठेवायचाच, त्याहून कमी नाही. ५ ठेवला तर पोस्ट खुंटाच्या कडेपासून ११ पर्यंत जाते, म्हणजे हिरडीच्या पातळीखाली ८. हाड हिरडीच्या साधारण २ मिलिमीटर खाली सुरू होतं, तेव्हा हाडातलं मूळ ११ आणि त्यात पोस्ट ६. हाडातल्या मुळाच्या निम्म्यापर्यंत तरी पोस्ट पोचावी हा नियम इथे जेमतेम पाळला जातो. पोस्ट मुळात मुकुटाच्या उंचीइतकी तरी असावी हा दुसरा नियम. मूळ मुकुट ९ मिलिमीटरचा होता, म्हणजे इथे एक मिलिमीटर कमी पडतो. तो मिळवायचा तर गुट्टा पर्चा ४ वर आणावा लागेल. मी आणत नाही. चांगली चिकटलेली पोस्ट एक मिलिमीटर आखूड चालते, पण टोकाचा सील गेला तर पुन्हा आरसीटीपासून सुरुवात.

जाडीचं म्हणाल तर पोस्ट मुळाच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पीझो रीमर (कॅनाल रुंद करायचा ड्रिल) १ नंबर ०.७ मिलिमीटरचा, २ नंबर ०.९, ३ नंबर १.१. लॅटरलमध्ये मी २ च्या पुढे सहसा जात नाही. मुळाची ही रुंदी आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) समोरून मोजलेली असते आणि मूळ बाजूने वेगळंच असू शकतं, हे ध्यानात ठेवा. दाढेत पोस्ट घालायचीच झाली तर वरच्या दाढेत पॅलटल (टाळूकडचा) कॅनाल, खालच्या दाढेत डिस्टल (मागचा). मेझियल (पुढच्या) मुळांच्या आतल्या बाजूला डेंटिन पातळ असतं, तिथे पीझो फिरवला की पर्फोरेशनची (मूळ आरपार भोकायची) तयारी झालीच समजा. वरच्या पहिल्या प्रीमोलरच्या बकल (गालाकडच्या) मुळालाही आतल्या अंगाला खाच असते, तिथेही जपून.

आणि आरसीटी आपली नसेल तर आधी तिच्याकडे बघा. फिलिंग पडून कॅनाल दोन-तीन महिने तोंडात उघडा पडलेला असेल, तर वरून पोस्ट ठोकून उपयोग नाही. री-आरसीटी करा, मगच पोस्टचा विचार.

गुट्टा पर्चा काढताना

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, जायला हवा, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारं रबरी पान) लावा. खुंट आखूड असला की क्लॅम्प बसत नाही ही तक्रार मला पटत नाही. शेजारच्या दोन दातांवर क्लॅम्प लावा, तीन-चार दातांचं भोक एकच सलग कापून घ्या, कडेला टेफ्लॉन टेप दाबून भरा. लाळ एकदा कॅनालमध्ये गेली की पुढचं सगळं पुन्हा धुवावं लागतं, म्हणून त्यातली पाच मिनिटं वाचवण्यात काही अर्थ नाही.

वरचा गुट्टा पर्चा गरम प्लगरने (बोथट टोकाच्या दांड्याने) काढा, ड्रिलने नाही. गरम टोक मापापर्यंत नेऊन बाहेर काढलं की मधला गठ्ठा त्याच्याबरोबर येतो आणि ड्रिलला फार काम उरत नाही. मग पीझो, तोही कमी वेगाने, थांबत थांबत, थोडं पाणी मारत. मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान १० अंशांनी वाढलं तरी हाडाला धोका पोचू शकतो, आणि बारीक कॅनालमध्ये कोरडा पीझो दाबून धरला की तेवढं तापायला वेळ लागत नाही. पीझोचं टोक कापत नाही म्हणून तो गुट्टा पर्चाच्या वाटेने जातो. तुम्ही जोर लावलात की मात्र ती वाट सुटते. शेवटी पोस्टच्या किटमधला ड्रिल, तो मी हातानेच फिरवते.

गुट्टा पर्चा मऊ करायला या टप्प्यात झायलीन, क्लोरोफॉर्म, ऑरेंज ऑइल यातलं काहीही वापरू नका. री-आरसीटीत त्यांचा उपयोग आहे. इथे विरघळलेला गुट्टा पर्चा भिंतीवर पातळ पसरतो आणि मग तो काढणं अवघड होऊन बसतं.

आता खरी मेख. ड्रिल गोल असतो, कॅनाल गोल नसतो. प्रीमोलर, खालचे पुढचे दात, खालच्या दाढेची डिस्टल रूट, यांचे कॅनाल ओठाकडून जिभेकडे लांबट असतात. गोल ड्रिल मधून जातो, दोन्ही टोकांच्या खाचांमध्ये गुट्टा पर्चा आणि सीलर (त्याच्याभोवतीची चिकट पेस्ट) तसाच राहतो. आणि तुम्ही समाधानाने आरव्हीजी काढता तेव्हा किरण नेमके त्याच दिशेने जातात, त्यामुळे पातळ थर दिसतच नाही. चित्रात कॅनाल स्वच्छ, प्रत्यक्षात दोन भिंतींना गुट्टा पर्चा. त्यावर कितीही नावाजलेलं सिमेंट वापरा, ते डेंटिनला नाही, त्या गुट्टा पर्चाला चिकटणार. ओल धरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारल्यासारखं ते काही दिवस छान दिसतं आणि मग पापुद्र्यासकट सुटतं.

म्हणून आरव्हीजीवर विसंबू नका, डोळ्यांनी आणि हाताने बघा. लूप्स (चष्म्यावरची भिंगं) आणि हेडलाइट लावा, कॅनाल कोरडा करा आणि आत बघा. गुट्टा पर्चा गुलाबी-नारिंगी रेघेसारखा दिसतो, सीलर पांढरट-पिवळा आणि जरा चकचकीत. स्वच्छ डेंटिनला चमक नसते, ते फिकट, मातकट पिवळं असतं. मग डीजी-१६ एक्सप्लोरर (बारीक टोकदार सळई) भिंतीवरून वरून खाली ओढा. डेंटिनवर तो खरखरतो, बोटाला आणि कानाला दोन्हीला कळतं. गुट्टा पर्चावर त्याचं टोक किंचित रुततं, ओढताना चिकटतं आणि बाहेर काढल्यावर टोकाला गुलाबी कण दिसतो. कण दिसला म्हणजे काम संपलेलं नाही.

काढायला माझी पहिली पसंती बारीक अल्ट्रासॉनिक टिपला. कमी पॉवरवर, कोरडी, काही सेकंदांच्या झटक्यात, फक्त खाचेतून फिरवायची आणि मध्ये मध्ये हवा मारून बघायचं. अल्ट्रासॉनिक नसेल तर एच-फाइलचं (खरवडायच्या बारीक कानशीचं) टोक किंचित वाकवून खाचेवर ओढा. त्यानंतर बारीक मायक्रोब्रशवर अल्कोहोल घेऊन भिंत घासा, ब्रश गुलाबी येतोय का बघा. कॅनाल गोल करायच्या नादात डेंटिन मात्र खाऊ नका. लांबट कॅनालमध्ये मधली पोस्ट बारीक ठेवा आणि शेजारी पातळ ॲक्सेसरी फायबर घाला. सिमेंटचा थर त्यामुळे कमी होतो आणि भिंतही वाचते.

सीलरबद्दल एक गोष्ट. युजेनॉल रेझिनला नीट सेट होऊ देत नाही. स्वतःची आरसीटी असेल आणि पोस्ट लागणार हे आधीच दिसत असेल तर मी रेझिनवर आधारलेला सीलर वापरते, एएच प्लस किंवा त्या जातीतला. बाहेरून आलेल्या आरसीटीत कोणता सीलर आहे ते पेशंटला ठाऊक नसतं आणि झिंक ऑक्साइड युजेनॉल स्वस्त पडतो म्हणून खूप ठिकाणी वापरला जातो. तेव्हा तो आहेच असं धरून चालते आणि भिंतीचा वरवरचा थर खरवडून ताजं डेंटिन उघडं करते. याच कारणासाठी मधल्या काळात युजेनॉलवालं टेम्पररी फिलिंगही नको, कॅव्हिटसारखं घ्या.

पोस्ट हातात घेतल्यावर

पोस्ट मापापर्यंत अलगद गेली पाहिजे. घट्ट दाबून बसवावी लागत असेल तर ती बसलेली नाही, अडकलेली आहे. वर मार्करने खूण करा, आरव्हीजी घ्या, पोस्टचं टोक गुट्टा पर्चाला टेकलंय ना बघा. मध्ये रिकामी जागा राहिली तर पुढे तिथेच इन्फेक्शन घर करतं.

कापायची ती डायमंड डिस्कने किंवा हायस्पीडच्या डायमंडने, पाणी मारत. पक्कडीने किंवा वायर कटरने कापणारे लोक मी बघितलेत. त्याने फायबर चिरडतात, कापलेलं टोक भिंगाखाली झाडूच्या केसासारखं विस्कटलेलं दिसतं आणि तिथून पाणी आत शिरतं. वरचं टोक इतकं आखूड ठेवा की कोअरचं कंपोझिट त्याला चारही बाजूंनी आणि वरून झाकेल. फायबर तोंडात उघडं राहता कामा नये.

ट्राय केलेल्या पोस्टवर लाळ आणि ग्लोव्हची पावडर लागलेली असते. अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, सायलेन (काच आणि रेझिन जोडणारं द्रव) लावा, ६० सेकंद थांबा, हलकी हवा मारा. काही कंपन्यांची पोस्ट आधीच सायलेन लावून येते, तेव्हा पाकिटावरचं माहितीपत्रक वाचा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पोर्सिलेनसाठी असतं, पोस्टला लावायचं नाही, ते काचेचे फायबरच खातं. सायलेन लावल्यावर पोस्ट चिमट्याने धरायची. ती बोटांनी उचलताना कोणी दिसलं की मी त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावते, आणि ते माझ्यावर मनातल्या मनात चिडतात.

धुणं आणि कोरडं करणं

हायपोक्लोराइट (कॅनाल धुवायचं ब्लीच) भिंत स्वच्छ करतं, पण मागे ऑक्सिजन ठेवून जातं आणि ऑक्सिजन रेझिनचं पॉलिमरायझेशन अडवतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. म्हणून पोस्टच्या जागेत हायपोक्लोराइट वापरलं तरी त्यावर लगेच भरपूर डिस्टिल्ड वॉटर. आधी १७ टक्के ईडीटीए (ड्रिलचा चुरा विरघळवणारं द्रव) मिनिटभर, तेही नीट धुऊन काढायचं. शेवटची सिरिंज नेहमी पाण्याची, हा माझ्या क्लिनिकचा नियम. सुई बारीक, बाजूला भोक असलेली घ्या आणि तळापर्यंत न्या. वरून पाणी मारून तळ धुतला जात नाही.

कोरडं करायचं पेपर पॉइंटने. तीन-वे सिरिंजची हवा फार खोल जात नाही, उलट पाणी खाली ढकलते. पेपर पॉइंट घाला, पाच सेकंद थांबा, काढा, टोक बघा. टोक कोरडं येईपर्यंत बदलत राहा. टोकाला रक्त आलं तर एक तर पर्फोरेशन झालंय नाही तर हिरडीतून रक्त आत उतरतंय. कारण सापडेपर्यंत सिमेंटची सिरिंज उघडायची नाही. शेवटच्या पेपर पॉइंटनंतर भिंत किंचित दमट असलेली चालते, अल्कोहोलने करकरीत वाळवायची गरज नाही. सेल्फ-ॲडहेसिव्ह (वेगळ्या बॉन्डशिवाय चिकटणाऱ्या) सिमेंटला थोडा ओलावा लागतोच.

सिमेंट

कॅनालच्या आत चिकटवणं वरच्या दाताच्या मानाने अवघड का? पोकळी खोल आणि अरुंद, सगळीकडून भिंती. रेझिन आकसताना त्याला ताण सोडायला मोकळी बाजू जवळपास नाहीच. सी-फॅक्टर (चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं गुणोत्तर) म्हणतात तो साध्या कॅव्हिटीत चार-पाचपर्यंत असतो, इथे २०० च्या वर जातो. दुसरं म्हणजे प्रकाश. अर्धपारदर्शक पोस्ट थोडा प्रकाश खाली नेते, पण तळाच्या तिसऱ्या भागात पोचतो तो अगदीच किरकोळ. त्यामुळे फक्त लाइट-क्युअर सिमेंट इथे चालत नाही. सेल्फ-क्युअर (आपोआप सेट होणारं) किंवा ड्युअल-क्युअरच (प्रकाशाने आणि आपोआप, दोन्हीने) हवं.

मी सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंटवर स्थिरावले आहे. या प्रकारातलं पहिलं, रिलायएक्स युनिसेम, २००२ साली आलं. आता बऱ्याच कंपन्यांची मिळतात. यात वेगळं बॉन्ड नाही, आणि डेंटिनवर फॉस्फोरिक ॲसिडही लावायचं नाही. जास्त स्टेप म्हणजे जास्त चिकटणं असं समजून कोणीतरी कॅनालमध्ये ॲसिड घालतं, आणि या सिमेंटचा डेंटिनशी होणारा बॉन्ड उलट कमकुवत होतो.

पद्धत अशी. सिरिंजला लांब, बारीक इंट्राकॅनाल टिप लावा. ती रिकाम्या कॅनालमध्ये तळाला जाते का ते आधीच बघून ठेवा. पहिलं थोडं सिमेंट पॅडवर सोडून द्या, दोन्ही पेस्ट नीट मिसळून यायला लागल्यावरच आत जा. टिप तळाला टेकवा, सिमेंट सोडत सोडत वर या, टिपचं टोक सिमेंटमध्ये बुडालेलंच ठेवा. मध्ये बाहेर काढून पुन्हा घातलीत की हवेचा बुडबुडा अडकलाच. लेंट्युलो (सिमेंट आत ढकलणारी फिरती स्प्रिंग) वापरू नका, त्याने ही सिमेंट्स झपाट्याने सेट होतात आणि पोस्ट अर्ध्या रस्त्यात थांबते. मग पोस्ट सावकाश, किंचित फिरवत आत सोडा. जादा सिमेंट वर येईल, तसं आलं तर समजायचं की जागा भरली. खूण जुळली की बोटाने स्थिर दाब ठेवा, दोन सेकंद लाइट मारून कडेचं सिमेंट पकडू द्या, मग लाइटचं टोक थेट पोस्टवर टेकवून ४० सेकंद, आणि बाजूंनीही तेवढंच. त्यानंतर आत सेल्फ-क्युअर व्हायला पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. कोअरसाठी घाई करून इथेच पोस्ट हलवली तर तळाशी अर्धवट सेट झालेलं सिमेंट तुटतं आणि ते कुणालाच दिसत नाही.

बॉन्ड आणि वेगळं ड्युअल-क्युअर सिमेंट वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एका बाटलीतले ॲडहेसिव्ह आम्लधर्मी असतात. सेल्फ-क्युअर सिमेंटमधल्या अमाइनशी त्यांचं पटत नाही, सांधा कच्चा राहतो. कंपनी त्यासाठी ॲक्टिव्हेटर देत असेल तर तो मिसळा, नाहीतर त्याच कंपनीचं सुसंगत सिमेंट घ्या. आणि कॅनालच्या तळाशी साचलेलं ॲडहेसिव्ह पेपर पॉइंटने टिपून काढा. तो थेंब तिथेच क्युअर झाला तर ट्रायला बरोबर बसलेली पोस्ट आता मापापर्यंत जात नाही, आणि पेशंटसमोर आपण जोर लावत बसतो.

पोस्ट बसल्यावर त्याच भेटीत कोअर बांधा. क्राऊनची कड कोअरवर नाही, दाताच्या भिंतीवर घ्या. फेरूल एवढ्या कष्टाने मोजली ती त्यासाठीच.

अकोल्याचा उन्हाळा आणि खर्रा

माहितीपत्रकात दिलेला वर्किंग टाइम साधारण २३ अंशांच्या खोलीत मोजलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, वीज गेली आणि एसी बंद पडला की तो आकडा विसरायचा. त्यातून कॅनालमधली उब आणि हवेचा अभाव सेटिंग आणखी वेगाने घडवतात. म्हणून उन्हाळ्यात मी पोस्टची अपॉइंटमेंट सकाळीच देते. सिमेंट फ्रिजमध्ये ठेवते आणि तासभर आधी बाहेर काढते, कारण थंड पेस्ट घट्ट असते, बारीक टिपमधून नीट मिसळत नाही. पोस्ट, चिमटा, लाइट, सगळं ट्रेवर रचल्याशिवाय सिरिंजचं झाकण उघडायचं नाही. लाइटची बॅटरी भरलेली आहे का आणि टोकाला जुनं कंपोझिट चिकटलंय का, हे असिस्टंट सकाळीच बघते.

विदर्भात दुसरी अडचण खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची). बरेच तरुण सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाची आतली त्वचा ताठ होणं) घेऊन येतात, तोंड दोन बोटंही नीट उघडत नाही. दाढेपर्यंत ३२ मिलिमीटरचा पीझो हँडपीससकट पोचणं अशक्य. २८ मिलिमीटरचे छोटे पीझो मिळतात, लहान डोक्याचा हँडपीस मिळतो, पोस्ट आधीच कापून घेता येते. तरीही माझा सल्ला आहे की अशा दाढेत पोस्टच्या नादी लागू नका. चेंबरच्या खोलीचा आणि कॅनालच्या तोंडाचा आधार घेऊन कोअर भरा किंवा एंडोक्राऊन (चेंबरमध्येच बसणारा क्राऊन) करा. वाकड्या कोनातून केलेली पोस्टची जागा कॅनालच्या रेषेत राहत नाही. पुढच्या दातांना हा त्रास नाही, पण खर्रा सुटला नाही तर तंबाखू-सुपारीचा चोथा रोज त्याच क्राऊनखाली जाणार आहे. तो सोडण्याबद्दल तुम्ही बोलाच, आणि तोंड कमी उघडत असेल तर पांढरे-लाल चट्टे तपासून घ्या. पोस्टपेक्षा ते महत्त्वाचं.

पोस्ट निसटून आली तर

पेशंट क्राऊन-पोस्टचा तुकडा कागदात बांधून आणतो. तो तसाच सिमेंट लावून परत बसवायचा मोह टाळा, आधी पोस्ट भिंगाखाली धरा. पोस्टवर सिमेंटचं पूर्ण आवरण आहे आणि त्यावर गुलाबी ठिपके दिसतात, तर भिंत साफ झाली नव्हती. आवरण आहे पण गुलाबी काही नाही, तर हायपोक्लोराइट, युजेनॉल किंवा जादा ओलावा यांपैकी कोणीतरी डेंटिनचा बॉन्ड खाल्ला. पोस्ट गुळगुळीत, कोरी आणि सिमेंट सगळं कॅनालमध्येच राहिलंय, तर पोस्टचा पृष्ठभाग खराब झाला होता, सायलेन किंवा साफसफाईत गडबड. तळाच्या भागाचं सिमेंट नखाने निघेल इतकं मऊ असेल तर ते तिथे सेटच झालं नव्हतं.

मग मूळ तपासा. पेरिओ प्रोबने (हिरडीखालची खोली मोजायच्या सळईने) दाताभोवती चहूकडे मोजा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी प्रोब अचानक आठ-नऊपर्यंत उतरला, तर मूळ उभं चिरलंय. मेथिलीन ब्लू लावून लूप्समधून कॅनालच्या आत बघा, चीर निळी रेघ होऊन दिसते. अशा दातात पुन्हा पोस्ट घालायची नाही, तो काढायचा, आणि तोवर त्या बाजूने घास टाळायला सांगायचं. चीर नसेल आणि फेरूल शाबूत असेल तर कॅनालमधलं जुनं सिमेंट अल्ट्रासॉनिकने काढा, भिंत पुन्हा खरखरीत लागेपर्यंत डीजी-१६ फिरवा, नवीन पोस्ट घ्या. जुनी पोस्ट कितीही चांगली दिसत असली तरी ती पुन्हा वापरत नाही. पेशंटला ती हवी असेल तर कागदात बांधून परत देते.